आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे

आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे (२२ मे, १८२८ - २० जुलै, १८७०) हे प्रशियातील नेत्रवैद्य व शल्यविशारद होते. आधुनिक नेत्रवैद्यकाच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. काचबिंदूवरील पहिली परिणामकारक शस्त्रक्रिया, मोतीबिंदू काढण्याची सुधारित पद्धत आणि नेत्रदर्शक यंत्राच्या साहाय्याने डोळ्याच्या अंतर्भागातील अनेक विकारांचे केलेले वर्णन ही त्यांची प्रमुख कामगिरी होय. इ.स. १८५४ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये केवळ नेत्रवैद्यकाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. शस्त्रक्रियांचे परिणाम तपशीलवार छापावेत, इतर वैद्यांनी ते पडताळावेत आणि चूक आढळल्यास ती त्याच पानांवर दुरुस्त व्हावी, ही रीत नेत्रशस्त्रक्रियेत रुजवण्यात या नियतकालिकाचा मोठा वाटा होता. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला इजा होते या मताला मात्र ग्रेफे यांनी पुराव्याअभावी विरोध केला होता. हे मत त्यांच्या मृत्यूनंतर खरे ठरले.

जन्म आणि कौटुंबिक पार्श्वभूमी

ग्रेफे यांचा जन्म बर्लिन येथे झाला. त्यांचे वडील कार्ल फेर्डिनांड फॉन ग्रेफे (१७८७ - १८४०) हे बर्लिन विद्यापीठात शस्त्रक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. फाटलेले टाळू शिवणे, पापण्यांची दुरुस्ती करणे आणि कापलेले नाक नव्याने घडवणे या शस्त्रक्रियांसाठी ते युरोपभर ओळखले जात. नाकाच्या पुनर्रचनेवरील त्यांचा ग्रंथ १८१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात इटालियन आणि जर्मन पद्धतींबरोबर भारतीय पद्धतीचेही वर्णन आहे. कपाळावरील त्वचा वळवून नाक बनवण्याची ही भारतीय पद्धत युरोपला परिचित झाली ती प्रामुख्याने पुण्याजवळ पार पडलेल्या एका शस्त्रक्रियेमुळे. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या इसमाचे नाक टिपू सुलतानाच्या कैदेत असताना कापले गेले होते. एका स्थानिक कारागिराने ते पुन्हा घडवले. या घटनेचा सचित्र वृत्तान्त १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात छापला गेला आणि युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले.

कार्ल फेर्डिनांड यांच्या व्यवसायात डोळ्यांच्या शस्त्रक्रियांनाही स्थान होते. १८४० साली हानोवरचे दृष्टिहीन युवराज जॉर्ज यांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करण्यासाठी त्यांना पाचारण करण्यात आले. तेथेच ४ जुलै रोजी त्यांचा आकस्मिक मृत्यू झाला. आल्ब्रेख्ट त्या वेळी बारा वर्षांचे होते. युवराजांना दृष्टी परत मिळाली नाही. पुढे १८५१ ते १८६६ या काळात ते हानोवरचे राजे झाले आणि अंध राजा म्हणूनच इतिहासात ओळखले गेले.

तत्कालीन नेत्रशस्त्रक्रिया

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोतीबिंदूवर सर्वत्र एकच उपाय होता. डोळ्यात सुई खुपसून धुरकट झालेले नेत्रभिंग बाहुलीसमोरून बाजूला सारायचे आणि डोळ्याच्या पोकळीत खाली ढकलून द्यायचे. ही पद्धत सुश्रुतसंहितेतही वर्णिलेली आहे. भिंग बाजूला होताच रुग्णाला उजेड व आकृती दिसू लागत आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यासारखे वाटे. पुढील दिवसांत किंवा महिन्यांत सूज, पू अथवा डोळ्यातील वाढलेला दाब यांमुळे अनेक डोळे कायमचे जात. तोवर गावोगाव फिरणारा शस्त्रवैद्य दुसऱ्या शहरी पोहोचलेला असे.

अशा फिरत्या वैद्यांमध्ये इंग्लंडचा जॉन टेलर हा सर्वाधिक गाजलेला होता. जाहिराती, भाषणे आणि राजेरजवाड्यांची नावे यांच्या बळावर त्याने युरोपभर व्यवसाय केला. संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या डोळ्यांवर त्याने १७५० साली लाइपझिग येथे दोनदा शस्त्रक्रिया केली. बाख यांची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचे निधन झाले. रुग्णाच्या नातलगांना वैद्याची योग्यता जोखण्यासाठी त्याच्या कीर्तीखेरीज दुसरे साधन उपलब्ध नव्हते.

याच सुमारास फ्रान्समध्ये झाक दाव्हिएल यांनी नेत्रभिंग खाली न ढकलता डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला छेद देऊन बाहेर काढण्याची पद्धत विकसित केली. त्यांनी आपल्या २०६ शस्त्रक्रियांपैकी १८२ यशस्वी झाल्याचे पॅरिसच्या शल्यविज्ञान अकादमीला कळवले. अपयशाची संख्याही त्यातून उघड होत असल्याने हा अहवाल लक्षणीय ठरतो. तथापि अशा नोंदी पुढील शंभर वर्षे विरळच राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातही बहुतेक विद्यापीठांत नेत्रवैद्यक हा शस्त्रक्रियाशास्त्राचा एक उपविभाग मानला जाई आणि त्याला स्वतंत्र प्राध्यापक नसे.

शिक्षण आणि प्रवास

ग्रेफे यांनी बर्लिनमधील फ्रेंच विद्यालयात शिक्षण घेतले. गणित व निसर्गविज्ञान यांत त्यांना विशेष गती होती. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८४३ साली, त्यांनी बर्लिन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १८४७ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली. पुढील काही वर्षे त्यांनी युरोपातील प्रमुख वैद्यकीय केंद्रांत अध्ययन केले. प्राग येथे फेर्डिनांड आर्ल्ट यांच्या सहवासात त्यांनी नेत्रवैद्यकालाच वाहून घेण्याचा निश्चय केला. त्यानंतर पॅरिस येथे झिशेल व देमार यांच्या आणि व्हिएन्ना येथे फ्रीडरिश येगर व त्यांचे पुत्र एडुआर्ड येगर यांच्या चिकित्सालयांत त्यांनी काम केले. १८५१ साली लंडनमध्ये विल्यम बोमन या शरीरशास्त्रज्ञ-शल्यविशारदांशी आणि नेदरलँड्सचे फ्रान्स कोर्नेलिस डोंडर्स यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. ही मैत्री आयुष्यभर टिकली.

त्याच वर्षी हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक, म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोप, या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. प्रकाशाचा किरण बाहुलीतून आत सोडून त्याच वाटेने परत येणारा प्रकाश पाहण्याची सोय या यंत्रात होती. जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा, त्यावरील रक्तवाहिन्या आणि दृष्टीच्या मज्जातंतूचे टोक प्रथमच दिसू लागले. त्यापूर्वी बाहेरून निरोगी दिसणाऱ्या डोळ्याची दृष्टी का गेली, हे मृत्यूनंतरच्या विच्छेदनाखेरीज कळत नसे. ग्रेफे यांनी हे यंत्र तात्काळ आत्मसात केले आणि रोजच्या तपासणीत त्याचा वापर सुरू केला.

बर्लिनमधील चिकित्सालय

१८५१ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ग्रेफे यांनी बर्लिनमध्ये खासगी नेत्रचिकित्सालय उघडले. ते अल्पावधीतच कार्लश्ट्रासे या रस्त्यावरील मोठ्या जागेत हलवण्यात आले. गरीब रुग्णांवर तेथे विनामूल्य उपचार होत. चिकित्सालयाची ख्याती वाढल्यानंतर जर्मन राज्यांबरोबरच रशिया, ब्रिटन व अमेरिकेतूनही तरुण वैद्य तेथे शिकण्यासाठी येऊ लागले. थिओडोर लेबर, फ्रीडरिश हॉर्नर, रिचर्ड लीब्राइश आणि यूलियुस हिर्शबर्ग हे पुढे नावारूपाला आलेले नेत्रवैद्य त्यांच्या शिष्य व साहाय्यकांपैकी होते.

१८५२ मध्ये ग्रेफे यांना बर्लिन विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळाला. १८५७ मध्ये त्यांना प्राध्यापक ही पदवी आणि १८६६ मध्ये पूर्ण प्राध्यापकपद देण्यात आले. शारिटे या सरकारी रुग्णालयातील नेत्रविभाग दीर्घकाळ योहान क्रिस्टियान युंगकेन यांच्याकडे होता. ते १८६८ मध्ये निवृत्त झाल्यावर त्या विभागाची सूत्रे ग्रेफे यांच्याकडे आली. त्यामुळे त्यांचे बहुतेक संशोधन सरकारी रुग्णालयात न होता त्यांच्या स्वतःच्या चिकित्सालयात झाले.

नियतकालिक आणि हायडेलबर्गच्या सभा

१८५४ साली ग्रेफे यांनी 'आर्खिव्ह फ्यूर ऑफ्थाल्मोलोगी' हे नियतकालिक सुरू केले. पहिल्या खंडातील बहुतांश मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. पुढच्याच वर्षी आर्ल्ट आणि डोंडर्स संपादक म्हणून सहभागी झाले. प्राग व उट्रेख्ट येथील या दोन संपादकांमुळे नियतकालिक एका शहराचे किंवा एका चिकित्सालयाचे मुखपत्र राहिले नाही.

त्यातील लेखांची घडण पूर्वीच्या शस्त्रवैद्यांच्या पुस्तिकांहून वेगळी होती. रुग्णाचे वय, शस्त्रक्रियेपूर्वी तो किती अंतरावरून काय वाचू शकत होता, दृष्टीच्या क्षेत्राचा कोणता भाग गेला होता, शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने झाली आणि काही महिन्यांनी स्थिती काय होती, या बाबी त्यांत क्रमाने येत. एखादा उपाय कोणाला लागू पडतो हे सांगताना कोणाला लागू पडत नाही, याचीही नोंद केली जाई. त्यामुळे दूरच्या शहरातील वैद्याला ती शस्त्रक्रिया स्वतः करून पाहता येत असे आणि आपले परिणाम मूळ परिणामांशी ताडता येत असत.

या पद्धतीचा पहिला प्रत्यय ग्रेफे यांच्या स्वतःच्या चुकीबाबत आला. काचबिंदूच्या रुग्णांमध्ये दृष्टीच्या मज्जातंतूचे टोक पुढे फुगलेले असते, असे वर्णन एडुआर्ड येगर आणि ग्रेफे या दोघांनीही १८५४ मध्ये केले होते. सुरुवातीच्या नेत्रदर्शक यंत्रातून एकाच डोळ्याने पाहताना खोली आणि उंचवटा यांतील फरक ओळखणे कठीण जाई. प्रत्यक्षात ते टोक आत दबलेले असते. हे लक्षात येताच ग्रेफे यांनी १८५५ मध्ये आपल्या निरीक्षणाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुढे हाइनरिश म्युलर यांच्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासाने ही दुरुस्ती योग्य ठरली. मज्जातंतूच्या टोकावरील ही खोलगट पोकळी काचबिंदूच्या निदानात आजही प्रमुख लक्षण मानली जाते.

१८५७ पासून ग्रेफे आणि त्यांचे सहकारी हायडेलबर्ग येथे एकत्र जमू लागले. या बैठकांतून १८६३ साली रीतसर संस्था स्थापन झाली. ती जगातील सर्वांत जुनी नेत्रवैद्यकीय संस्था मानली जाते. एखाद्या नव्या शस्त्रक्रियेचा पुरस्कर्ता आणि तिचे टीकाकार यांना तेथे समोरासमोर बोलावे लागत असे.

काचबिंदूवरील शस्त्रक्रिया

काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढून दृष्टीचा मज्जातंतू हळूहळू निकामी होतो. तीव्र प्रकारात असह्य वेदना, लाली आणि काही दिवसांत येणारे अंधत्व असे त्याचे स्वरूप असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा विकार असाध्य समजला जात होता. डोळ्याच्या इतर दाहक विकारांसाठी बुबुळातील रंगीत पडद्याचा लहानसा भाग कापून काढला असता डोळ्याचा ताण कमी होतो, असे ग्रेफे यांच्या निदर्शनास आले होते. १८५६ मध्ये त्यांनी हाच उपाय तीव्र काचबिंदूच्या रुग्णांवर करून पाहिला. वेदना थांबल्या आणि अनेकांची दृष्टी वाचली.

१८५७ साली त्यांनी हे निष्कर्ष आपल्या नियतकालिकात आणि ब्रसेल्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यकीय परिषदेत मांडले. पुढील वर्षांत त्यांनी या विषयावर वारंवार लेखन केले. तीव्र प्रकारात ही शस्त्रक्रिया लवकर केल्यास उत्तम गुण येतो. दीर्घकाळ चाललेल्या, वेदनारहित प्रकारात तो कमी येतो. पूर्ण अंध झालेल्या डोळ्याची दृष्टी परत येत नाही. असे भेद या लेखांतून स्पष्ट होत गेले. तीव्र काचबिंदूत या शस्त्रक्रियेने नेमके काय साधते, याचे शारीरिक कारण त्यांना उमगले नव्हते. बुबुळामागील द्रवाला पुढे येण्यासाठी नवी वाट मिळते व डोळ्याच्या कोपऱ्यातील बंद झालेला निचरा मोकळा होतो, ही मीमांसा पुष्कळ नंतरची आहे. आज तीव्र काचबिंदूसाठी याच तत्त्वावर लेसर किरणांनी बुबुळाला सूक्ष्म छिद्र पाडले जाते.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया

दाव्हिएल यांच्या पद्धतीत पारदर्शक पडद्याला अर्धवर्तुळाकार मोठा छेद घेतला जाई. जखमेची कड सैल राहून ती उघडण्याचा, पू होण्याचा व डोळा गमावण्याचा धोका त्यात मोठा होता. त्या काळी टाके घातले जात नसत. जंतुनाशक शस्त्रक्रियेची कल्पनाही जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये मांडेपर्यंत प्रचारात नव्हती. डोळा बधिर करणारे कोकेनचे थेंब कार्ल कॉलर यांनी १८८४ मध्ये उपयोगात आणले. त्यामुळे ग्रेफे यांच्या रुग्णांना शस्त्रक्रियेची वेदना सहन करावी लागे किंवा क्लोरोफॉर्मची गुंगी घ्यावी लागे.

१८६० च्या दशकाच्या मध्यात ग्रेफे यांनी सुधारित रेषीय छेदाची पद्धत मांडली. पारदर्शक पडदा व पांढरे बुबुळ यांच्या सीमेलगत जवळजवळ सरळ रेषेत छेद घ्यायचा, रंगीत पडद्याचा छोटा भाग काढायचा आणि मग भिंग बाहेर दाबून काढायचे, अशी तिची कृती होती. सरळ छेदाच्या कडा आपोआप एकमेकींना चिकटून राहत आणि जखम लवकर भरून येई. या छेदासाठी त्यांनी अतिशय अरुंद पात्याची सुरी तयार केली. ती ग्रेफे यांची सुरी या नावाने सुमारे शंभर वर्षे जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत वापरात होती. छेदाची जागा व लांबी यांविषयी त्यांच्या समकालीनांत मतभेद होते आणि पुढे पद्धतीत बदलही झाले. तरी पू होऊन गमावल्या जाणाऱ्या डोळ्यांचे प्रमाण या पद्धतीमुळे लक्षणीय घटले.

मधुमेह आणि दृष्टिपटलाविषयीचा वाद

मधुमेही रुग्णांना तुलनेने लवकर मोतीबिंदू होतो, ही गोष्ट ग्रेफे यांच्या काळात परिचित होती. तथापि मोतीबिंदू नसतानाही काही मधुमेहींची दृष्टी मंदावत असे. त्यामागील कारण नेत्रदर्शक यंत्र येईपर्यंत अज्ञात होते. ग्रेफे यांचे व्हिएन्नातील परिचित एडुआर्ड येगर यांनी १८५५ च्या सुमारास एका २२ वर्षे वयाच्या मधुमेही तरुणाच्या दृष्टिपटलाचे वर्णन व रंगीत चित्र प्रसिद्ध केले. पीतबिंदूच्या, म्हणजे सूक्ष्म दृष्टी ज्यावर अवलंबून असते त्या मध्यभागाच्या, परिसरात पिवळसर ठिपके व रक्तस्राव त्यांना दिसले होते. हे बदल मधुमेहाशी संबंधित असावेत, असे त्यांनी सुचवले.

ग्रेफे यांनी १८५८ साली मधुमेहींमध्ये आढळणाऱ्या दृष्टिदोषांवर लेख लिहिला. मधुमेह आणि दृष्टिपटलावरील हे बदल यांच्यात कार्यकारणसंबंध असल्याचा पुरावा नाही, अशी भूमिका त्यांनी उघडपणे घेतली. मूत्रपिंडाच्या विकारातही दृष्टिपटलावर ठिपके व रक्तस्राव दिसतात, हे त्याच दशकात उजेडात आले होते. मधुमेहींना मूत्रपिंडाचा विकार अनेकदा जडतो. त्यामुळे दोन कारणांचा परिणाम वेगळा करणे अवघड होते. रुग्णांची संख्याही तुटपुंजी होती. दृष्टिपटलाला होणारी इजा मधुमेह जडल्यानंतर बहुधा अनेक वर्षांनी प्रकट होते आणि इन्सुलिनपूर्व काळात तरुण मधुमेही तितकी वर्षे जगत नसत.

ग्रेफे यांच्या अधिकारामुळे येगर यांचे मत काही काळ वादग्रस्त राहिले. तो वाद ज्या मार्गाने सुटला तो मात्र ग्रेफे यांनी घालून दिलेल्या रीतीशी सुसंगत होता. १८७२ मध्ये लंडनचे एडवर्ड नेटलशिप यांनी मधुमेही रुग्णाच्या पीतबिंदूतील सूज व पोकळ्यांचे सूक्ष्मदर्शकीय वर्णन प्रसिद्ध केले. १८७६ मध्ये विल्हेल्म मान्झ यांनी मधुमेहींच्या दृष्टिपटलावरून डोळ्याच्या पोकळीत वाढणाऱ्या नव्या ऊतींचे वर्णन केले. या ऊती आकसून पडदा सरकतो, हे पुढे स्पष्ट झाले. ग्रेफे यांचे साहाय्यक राहिलेल्या हिर्शबर्ग यांनी १८९० साली मधुमेहजन्य दृष्टिपटलविकाराचे प्रकार पाडून त्यांवर लेखन केले आणि आपल्या गुरूचे मत मागे टाकले. रक्तदाब किंवा धमनीकाठिण्य यांहून हा विकार स्वतंत्र आहे, ही गोष्ट पूर्णपणे मान्य होण्यास विसाव्या शतकाचे पाचवे दशक उजाडावे लागले. ग्लासगो येथील आर्थर बॅलंटाइन यांचा अभ्यास त्यासाठी महत्त्वाचा ठरला.

इतर संशोधन

दृष्टिपटलाची मुख्य धमनी रक्ताच्या गुठळीने बंद होऊन एका क्षणात दृष्टी जाऊ शकते, हे ग्रेफे यांनी १८५९ मध्ये दाखवून दिले. मेंदूतील दाब वाढल्यास दृष्टीच्या मज्जातंतूचे टोक सुजते, हे त्यांचे १८६० मधील निरीक्षण मेंदूतील गाठींच्या निदानासाठी मोलाचे ठरले. थायरॉइड ग्रंथीच्या विकारात नजर खाली वळवताना वरची पापणी मागे रेंगाळते. या लक्षणाला ग्रेफे यांचे लक्षण असे नाव आहे. तिरळेपणा आणि डोळ्यांच्या स्नायूंचा अधूपणा यांवरही त्यांनी विस्तृत लेखन केले. शरीरातील इतर व्याधींचा माग डोळ्यात घेता येतो, हा विचार त्यांच्या या संशोधनात सातत्याने आढळतो.

कौटुंबिक जीवन, आजारपण आणि निधन

१८६१ मध्ये ग्रेफे यांना फुप्फुसावरणाच्या दाहाचा तीव्र आजार झाला. त्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत आणि क्षयरोगाने त्यांची प्रकृती खालावत गेली. १८६२ मध्ये त्यांचा विवाह डेन्मार्कमधील काउंटेस आना क्नुथ यांच्याशी झाला. प्रकृती साथ देत नसतानाही रुग्णतपासणी, शस्त्रक्रिया, अध्यापन आणि संपादन ही चारही कामे त्यांनी चालू ठेवली. काचबिंदूवरील त्यांचा शेवटचा मोठा लेख १८६९ साली प्रसिद्ध झाला. या धावपळीत सर्वसमावेशक पाठ्यपुस्तक लिहिणे त्यांना जमले नाही. त्यांचे चुलतभाऊ आल्फ्रेड ग्रेफे आणि थिओडोर झेमिश यांनी संपादित केलेल्या बहुखंडी हस्तपुस्तिकेने १८७४ पासून ती उणीव भरून काढली.

२० जुलै, १८७० रोजी, फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, बर्लिन येथे ग्रेफे यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४२ वर्षांचे होते. पत्नी आना यांचेही दोन वर्षांनी निधन झाले.

वारसा आणि स्मारके

हायडेलबर्गच्या संस्थेने ग्रेफे यांच्या नावे पदक सुरू केले. १८८६ साली ते प्रथम हेल्महोल्ट्झ यांना देण्यात आले. बर्लिनमध्ये शारिटे रुग्णालयाच्या परिसरात रुडोल्फ झीमरिंग यांनी घडवलेला ग्रेफे यांचा पुतळा १८८२ पासून उभा आहे. त्यांच्या उजव्या-डाव्या बाजूंच्या शिल्पपटांवर उपचारासाठी येणारे दृष्टिहीन रुग्ण आणि बरे होऊन परतणारी माणसे कोरलेली आहेत. १८५४ साली सुरू झालेले त्यांचे नियतकालिक त्यांच्या नावाने आजही प्रसिद्ध होते.

मधुमेह व दृष्टिपटल यांच्यातील संबंध सिद्ध झाल्यानंतर उपचारांना दिशा मिळाली. १९२० च्या दशकात इन्सुलिन उपलब्ध झाले आणि मधुमेही दीर्घायुषी होऊ लागले. त्याबरोबर दृष्टिपटलविकाराचे प्रमाणही वाढले. विसाव्या शतकाच्या मध्यात गेर्ड मायर-श्विकेराट यांनी प्रकाशकिरणांनी दृष्टिपटलावरील विकृत भाग जाळण्याचे तंत्र विकसित केले. १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या पोकळीतील रक्त व ऊती काढून टाकण्याची बंदिस्त शस्त्रक्रिया सुरू केली. किरणोपचाराने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतील एका मोठ्या तुलनात्मक चाचणीने १९७६ मध्ये दाखवले. त्या चाचणीत प्रत्येक रुग्णाच्या एका डोळ्यावर उपचार करून दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवण्यात आला होता.

मधुमेही व्यक्तीवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासणे हा आज सर्वमान्य नियम आहे. मोतीबिंदू दाट असल्यामुळे आतील भाग दिसत नसल्यास ध्वनिलहरींच्या साहाय्याने तपासणी केली जाते. धुरकट भिंगामागे पीतबिंदूला सूज किंवा रक्तस्राव असेल, तर भिंग बदलूनही अपेक्षित दृष्टी येत नाही आणि शस्त्रक्रियेनंतर ही सूज वाढूही शकते. म्हणून अनेकदा दृष्टिपटलावरील उपचार आधी करून मग मोतीबिंदू काढला जातो. रक्तातील साखर आटोक्यात आणणे आणि दृष्टीची तक्रार नसतानाही मधुमेहींनी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घेणे, हाही या नियमाचाच भाग आहे. येगर यांनी पाहिलेले आणि ग्रेफे यांनी पुरावा मागितलेले पिवळसर ठिपके या तपासणीत आजही शोधले जातात.